पाणी काढणारे हात

नालासोपाऱ्यात ‘पाणी काढणं’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. जुलैमधल्या एखाद्या रात्री तळमजल्यावरची कुटुंबं बादल्या घेऊन घरात शिरलेलं पाणी बाहेर फेकत असतात, तो पहिला. दुसरा डायलिसिस केंद्रात कानावर पडतो. मशीनवरून उतरलेला माणूस हातावरची पट्टी दाबून धरत वजनकाट्यावर उभा राहतो आणि पुढच्या शिफ्टसाठी बाकावर बसलेली बाई विचारते, ‘‘दादा, आज किती काढलं?’’ ‘‘तीन लिटर.’’ ‘‘बाई गं! मग आज पाय दुखणार तुमचे.’’

माझा थोरला भाऊ साडेतीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, असा काट्यावर उभा राहिला. मी बाहेरच्या बाकावर असायचो. डॉक्टर राउंडला येऊन जायचे. बाकीचा सगळा वेळ त्याचा जीव ज्यांच्या हातात असायचा ती मुलं-मुली पंचवीस-तिशीतली होती. कुणी आचोळ्याहून चालत येणारी, कुणी पहाटे पाचला सफाळ्याहून गाडी पकडणारी. आम्ही त्यांना ‘भाऊ’, ‘ताई’ म्हणायचो. ती माझ्या भावाला ‘काका’ म्हणायची. मूत्रपिंडाबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं त्यांना काम करताना पाहून कळलं. पुस्तकं मी नंतर वाचली.

मूत्रपिंडं दोन, मुठीएवढी, प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅमची. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला ती असतात. हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर फेकतं, त्यातलं लिटरभर या दोन मुठींतून जातं. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याची सूक्ष्म एककं. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचं एक गुंतवळ असतं. तिथे रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेले बारीक पदार्थ गाळून बाहेर पडतात, पेशी आणि प्रथिनं आत राहतात. पुढच्या लांब नळीत या गाळलेल्या पाण्याची छाननी होते.

आमच्या भागात अनेक इमारतींना दिवसाआड पाणी येतं, म्हणून गॅलरीत निळं पिंप असतंच. काठोकाठ भरलं की दोनशे लिटर. निरोगी मूत्रपिंडं चोवीस तासांत १८० लिटर पाणी गाळतात, म्हणजे जवळजवळ ते पिंपभर. त्यातून लघवीवाटे जातं ते दीड लिटर. उरलेलं सगळं, त्यातली साखर, मीठ, बायकार्बोनेट यांच्यासह, शरीराला परत दिलं जातं. आज माणूस उन्हात राबला तर पाणी जास्त राखायचं, काल त्याने लोणचं जास्त खाल्लं तर मीठ जास्त सोडायचं, असा हिशेब क्षणाक्षणाला चालू असतो. मूत्रपिंडाला चाळणी म्हणायची आपल्याला सवय आहे. चाळणी फक्त गाळते. काय परत घ्यायचं हे तिला कळत नाही, मूत्रपिंडाला कळतं.

शिवाय काही कामं अशी आहेत की त्यांचा गाळण्याशी संबंधच नाही. हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात तयार होतं. ड जीवनसत्त्वाला त्याचं कामाचं रूप मूत्रपिंडात मिळतं. रक्तदाब वर-खाली करणाऱ्या साखळीतला पहिला दुवा, रेनिन, तिथूनच सुटतो. त्यामुळे डायलिसिस नेमाने चालू असतानाही रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरतं, हाडं दुखतात, दाब आटोक्यात राहत नाही. रक्तवाढीचं इंजेक्शन, कॅल्शियम, दाबाच्या गोळ्या ही मशीनला न जमणारी कामं आहेत. ‘मशीन लावलंय ना, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न केंद्रात दर आठवड्याला कुणीतरी विचारतं आणि टेक्निशियन न कंटाळता उत्तर देतात.

मूत्रपिंड बिघडतं ते गाजावाजा न करता. निम्मं काम थांबलं तरी माणूस लोकलला लटकून चर्चगेटला जाऊन येतो. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचा आकडाही तोवर फारसा हलत नाही, आणि हलला तरी आपण तो चुकीचा वाचतो. अहवालावर १.२ आकडा असला की घरचे म्हणतात, नॉर्मल आहे. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा १.२ असेल तर त्याची गाळण्याची क्षमता मिनिटाला ऐंशी मिलिलिटरच्या वर भरते. सत्तर वर्षांच्या आजीचा तोच १.२ असेल तर तिची क्षमता पन्नासच्याही खाली आलेली असते. म्हणून क्रिएटिनिनसोबत वय आणि लिंग धरून काढलेला जीएफआर, म्हणजे हीच गाळण्याची क्षमता, पाहायचा. नव्वदच्या वर ठीक. पंधराच्या खाली पाचवा टप्पा, आणि तिथे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांची बोलणी सुरू होतात. बहुतेकांच्या बाबतीत मागे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असतो. त्यांच्या जोडीला, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आहेत. पेल्हार, धानीव बागेतल्या गाळ्यांत दिवसभर उभं राहून काम करणारी माणसं पाठ दुखते म्हणून या गोळ्या महिनोन्‌महिने घेतात. त्यांना अडवणारं कुणी नसतं.

‘डायलिसिस’ हा शब्द १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. पातळ पडद्यातून लहान कण पलीकडे जातात आणि मोठे अडतात, हे त्याला दिसलं होतं. माणसावर हा प्रयोग जर्मनीत गेऑर्ग हास यांनी १९२४ साली केला, पण जीव वाचवणारं यंत्र यायला आणखी वीस वर्षं जावी लागली. ते घडलं हॉलंडमधल्या काम्पेन या लहान गावात, नाझींच्या अंमलाखाली. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेज भरण्याचं सेलोफेनचं आवरण घेतलं आणि त्याची लांबलचक नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली. ते पिंप मिठाच्या पाण्याच्या हौदात फिरत राही आणि नळीतून रुग्णाचं रक्त वाहत राही. १९४३ मध्ये त्याने सुरुवात केली. एकामागून एक रुग्ण दगावत गेले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची सोफिया शाफ्श्टाट शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षं जगली. आज एसी खोलीत हिरवे दिवे लुकलुकवणाऱ्या मशीनचं मूळ त्या लाकडी पिंपात आहे.

कोल्फच्या यंत्राला एक मर्यादा होती. दर खेपेला नवी धमनी, नवी शीर उघडावी लागे, आणि शिरा संपल्या की उपचार संपत. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनच्या नळीने धमनी आणि शीर कायमची जोडून ठेवली, तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं. लगेच यंत्रं कमी आणि माणसं जास्त अशी अवस्था आली. कुणाला यंत्र द्यायचं हे ठरवायला त्या शहरात सामान्य नागरिकांची समिती नेमावी लागली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीही काढून टाकली. हाताच्या कातडीखाली धमनी शिरेला शिवली की ती शीर काही आठवड्यांत फुगून जाड होते आणि तिच्यात वारंवार सुया टोचता येतात. हा फिस्टुला. आज नालासोपाऱ्याच्या केंद्रात ज्या हातावर दोन सुया लागतात, तो हात या १९६६ च्या शस्त्रक्रियेचाच आहे.

मराठी वाचकाने डायलिसिस हा शब्द घराघरात ऐकला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं आणि तिथे डायलिसिस सुरू झालं. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी रुपया-रुपया गोळा केला. १९७७ ची निवडणूक, जनता पक्षाची जुळवाजुळव, नेतानिवड, हे सगळं या माणसाने दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत केलं. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात ते गेले. या आजारात माणूस अंथरुणाला खिळून संपतो असं मानणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हे उदाहरण सांगतो.

तेव्हा जे देशातल्या मोजक्या रुग्णालयांत मिळत होतं ते आता आमच्या रेल्वे स्टेशनापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. मध्ये बराच काळ गेला. भावाच्या आधीच्या पिढीतले रुग्ण विरार लोकलने केईएमला, नायरला, कूपरला जात. जाताना श्वास लागलेला आणि येताना पायांत त्राण नाही, अशा अवस्थेत पन्नास किलोमीटरचा प्रवास. २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. योजनेतल्या अंगीकृत रुग्णालयात पात्र रुग्णाला डायलिसिससाठी पैसे भरावे लागत नाहीत. केंद्राचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ चा. धर्मादाय संस्थांनी चालवलेली कमी दराची केंद्रंही वसई, नालासोपारा, विरार पट्ट्यात उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर असलेल्या आणि त्यानंतर किती वाढलं ते रोज डोळ्यांना दिसणाऱ्या या शहराला ती पुरत नाहीत. तरी ती आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसं जगत आहेत.

आता मशीनकडे येऊ.

वसईकर घरात खारवलेला मासा शिजवण्याआधी पाण्यात भिजत घालतात. मासा मीठ सोडतो, पाणी खारट होतं. मग ते पाणी फेकून ताजं घालायचं, कारण दोन्हीकडचं मीठ सारखं झालं की माशातून आणखी मीठ सुटत नाही. डायलिसिसचं पहिलं तत्त्व हेच. डायलायझर म्हणजे फूटभर लांबीची पारदर्शक नळकांडी, तिच्या आत दहा हजारांच्या आसपास पोकळ धागे. धाग्यांच्या आतून रक्त मिनिटाला सुमारे तीनशे मिलिलिटर वेगाने जातं, धाग्यांबाहेरून डायलिसिसचं द्रावण मिनिटाला पाचशे मिलिलिटर वेगाने उलट्या दिशेने वाहतं. उलट्या दिशेने अशासाठी की संपूर्ण लांबीभर रक्ताला आपल्यापेक्षा स्वच्छ द्रावण भेटत राहावं. युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम पलीकडे जातं. द्रावणात सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट मोजून घातलेलं असतं, म्हणून शरीराला हवं ते वाहून जात नाही आणि साठलेलं आम्लही उतरतं.

दुसरं तत्त्व चक्क्याचं. दही फडक्यात बांधून पिळलं की पाणी निथळतं. मशीन पडद्यावर दाब देऊन रक्तातलं जादा पाणी असंच ओढून घेतं. किती ओढायचं ते माणूस ठरवतो. अंगात जादा पाणी नसताना रुग्णाचं जे वजन असायला हवं त्याला ड्राय वेट म्हणतात. आजचं वजन वजा ड्राय वेट, म्हणजे आजचं काम. यात घाई चालत नाही. तासाला, किलोमागे तेरा मिलिलिटरच्या पुढे गेलं तर हृदयावर ताण येतो असा सर्वसाधारण नियम आहे. पन्नास किलोच्या माणसातून चार तासांत अडीच लिटरच्या आसपास पाणी सुखाने निघतं. तो चार किलो वाढवून आला असेल तर पायात गोळे येणार, दाब पडणार. रुग्णाला पाणी मोजून प्या म्हणतात ते यासाठी.

एका आठवड्यात १६८ तास असतात. निरोगी मूत्रपिंडं ते सगळे तास काम करतात. आठवड्यातून तीनदा चार तास धरले तर मशीन बारा तास चालतं. आपल्याकडे खर्चापायी, प्रवासापायी किंवा खाट मिळत नाही म्हणून अनेकांचं दोनदाच होतं, म्हणजे आठ तास. उरलेले १६० तास रुग्ण स्वतःच्या जिभेच्या भरवशावर असतो. वसईच्या केळ्यांत, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते रक्तात चढलं तर हृदय थांबू शकतं. सुके बोंबील, पापड, लोणचं यांतलं मीठ तहान लावतं. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, तर या रुग्णांसाठी विषच. त्यातला एक घटक निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर जातो. भाऊ उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा, खडा विरघळेपर्यंत बोलायचा नाही. आजारपणातलं त्याचं सगळ्यात अवघड काम सुया टोचून घेणं नव्हतं, तहान सोसणं होतं.

आता ज्या पाण्याबद्दल फार कमी लिहिलं जातं ते पाणी. मिनिटाला पाचशे मिलिलिटर द्रावण, चार तास, म्हणजे एका रुग्णाला एका वेळी १२० लिटर. आपण दिवसाला जेमतेम दोन-तीन लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यांतून, यकृतातून तपासून रक्तात जातं. डायलिसिसचं पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. म्हणून पिण्यायोग्य पाणीही इथे चालत नाही. ते आधी वाळूतून, मग पाणी मऊ करणाऱ्या टाकीतून, मग कोळशाच्या टाकीतून आणि शेवटी आरओ पडद्यातून न्यावं लागतं. आरओ बरंच पाणी टाकून देतं. दहा मशीन आणि तीन शिफ्ट धरल्या तर द्रावणालाच ३६०० लिटर लागतं, आणि नळाकडून त्याच्या जवळजवळ दुप्पट घ्यावं लागतं.

हे सगळं अशा शहरात, जिथे सूर्या धरणाचं पाणी येतं त्या दिवशी घराघरात मोटारी लागतात आणि येत नाही त्या दिवशी गल्लीत टँकर उभा राहतो. टँकर कुठल्या विहिरीतून, कुठल्या बोअरमधून भरला हे ड्रायव्हरशिवाय कुणाला माहीत नसतं. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ च्या फेब्रुवारीत अशीच पाणीटंचाई होती. तिथल्या डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होतं. जलाशयात वाढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष त्या पाण्यातून आलं. शंभराहून अधिक रुग्ण आजारी पडले, त्यांची यकृतं निकामी झाली आणि पन्नासहून अधिक दगावले. त्यांच्या शहरातली बाकीची माणसं रोजच्यासारखी पाणी पीत होती. आपल्याकडे धोका दुसऱ्या बाजूनेही येतो. पावसाळ्यात पालिका क्लोरीनचा डोस वाढवते, ते बरोबरच आहे. पण क्लोरीन किंवा क्लोरामाइन डायलायझरपर्यंत पोहोचलं तर तांबड्या पेशी फुटतात. कोळशाची टाकी ते अडवते, मात्र तिचीही ताकद संपते. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या आधी कोळशाच्या टाकीनंतरचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकून रंग पाहायचा. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर एकही रुग्ण मशीनवर घ्यायचा नाही. हे दोन मिनिटांचं काम ज्या केंद्रात वहीत आधीच भरून ठेवलेलं दिसेल, तिथे नातेवाइकांनी विचारावं. हक्काने विचारावं.

उषवदात या प्राचीन राजपुरुषाच्या नाशिक लेण्यांतल्या शिलालेखात शोर्पारग, म्हणजे आपलं सोपारा, इथे वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचा उल्लेख आहे आणि त्याच लेखात विहिरी, तळी करवल्याचं पुण्यही नोंदलेलं आहे. पाणी नीट असणं हे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरण्याइतकं मोलाचं काम होतं. आज ते पांढऱ्या कोटातली एखादी मुलगी पहाटे सहाला आरओच्या खोलीत, कुणी बघत नसताना करते.

ती आणखी काय करते, ते सविस्तर सांगतो, कारण ते नातेवाइकांनाही दिसत नाही.

रुग्ण आला की आधी वजन, दाब, ताप. मग प्रश्न. रात्री झोपताना किती उशा लागल्या? दोनच्या तीन झाल्या असतील तर फुप्फुसात पाणी चढतंय. शौचाला काळं झालं का, दात काढला का, बाईमाणसाला पाळी चालू आहे का? कारण थोड्या वेळाने हेपरिन, म्हणजे रक्त न गोठण्याचं औषध, द्यायचं असतं. पाय उचलताना जड वाटतात का? पोटॅशियम चढल्याची ती खूण असू शकते. त्यानंतर फिस्टुला. पाहायचा, हात ठेवायचा, स्टेथोस्कोप लावून ऐकायचा. बोटांखाली मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती नसेल तर सुई टोचायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. त्या हातावर दाब मोजायचा नाही, रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही, हे रुग्णाने कुठल्याही दवाखान्यात पहिल्यांदा सांगायला हवं. ज्यांना मानेत नळी आहे त्यांच्या बाबतीत नळीचं तोंड उघडताना दोघांनीही मास्क लावायचा. नळीतून शिरलेला जंतू थेट हृदयाशी पोहोचतो.

डायलायझर अनेक ठिकाणी त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरतात. त्यावर नाव लिहिलेलं असतं. एकाच आडनावाचे, कधी एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच शिफ्टला असतात. टेक्निशियन नाव मोठ्याने वाचून रुग्णाकडून ‘हो’ घेते, मग निर्जंतुक करणाऱ्या रसायनाचा अंश उरला नाही ना ते पट्टीने तपासते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर जिवंत राहतो. म्हणून त्या रुग्णांचं मशीन वेगळं, आणि प्रत्येक खाटेमागे हातमोजे नवे. एका खाटेवर अलार्म वाजत असताना दुसऱ्या खाटेवरून तसंच धावत जाण्याचा मोह आवरावा लागतो. कामाची खरी शिस्त मला तिथे दिसली.

पहिल्या खेपेला आलेल्या रुग्णाला पूर्ण चार तास देत नाहीत. युरिया झपाट्याने उतरला तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून कमी वेळ आणि कमी वेग. पुढे दर अर्ध्या तासाला दाब. दाब पडण्याआधी माणूस जांभया देतो, गप्प होतो, कपाळाला घाम येतो. मशीनला हे कळत नाही. खाटेशेजारून जाणाऱ्या ताईला कळतं. ती डोक्याकडची बाजू खाली करते, पाणी ओढणं थांबवते, थोडं सलाईन देते, डॉक्टरांना हाक मारते. डायलिसिस चालू असताना वडापाव खाल्ला तर रक्त पोटाकडे जातं आणि दाब पडतो, हेही तिच्याकडूनच कळलं.

आणि चादर. एसीत थंडी वाजते, पाणी निघाल्याने अंग गार पडतं, रुग्ण चादर गळ्यापर्यंत ओढून घेतो. आमच्या केंद्रातला एक टेक्निशियन दर फेरीला प्रत्येकाचा सुई लावलेला हात चादरीबाहेर काढून ठेवायचा. भाऊ चिडायचा. एकदा मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, ‘‘काका झोपेत वळले आणि परतीची सुई निघाली, तर पंप थांबेलच असं नाही. मिनिटाला तीनशे मिली. चादरीखाली दिसणार नाही.’’ मी मनात हिशेब केला. पाच मिनिटांत दीड लिटर. शरीरात सगळं मिळून पाच लिटर. त्यानंतर भाऊही हात बाहेर ठेवून झोपायला लागला.

वीज गेली की पंप बॅटरीवर काही मिनिटं चालतो. बॅटरी संपली तर लहानसं हँडल काढून हाताने पंप फिरवत नळ्यांमधलं रक्त रुग्णाला परत द्यायचं. थांबलेलं रक्त गोठतं आणि नळ्यांसकट टाकून द्यावं लागतं. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या माणसाचं पाव लिटर रक्त ही लहान गोष्ट नाही. एका संध्याकाळी जनरेटर लागायला वेळ झाला तेव्हा दोन टेक्निशियन आठ खाटांमध्ये धावत हँडल फिरवत होते. त्या केंद्राचं नाव सांगत नाही. जनरेटर वेळेवर का लागला नाही याची चौकशी व्हायला हवी होती, ती झाली नाही. त्या दोघांच्या हातांनी मात्र त्या दिवशी आठ माणसं वाचवली.

हे काम शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पदवी अभ्यासक्रमात डायलिसिसची शाखा आहे, लहान मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रमही आहेत. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि या कामाला प्रथमच डॉक्टर-नर्सच्या शेजारी स्वतःचं नाव मिळालं. माझं मत विचाराल तर दोन महिने बघून शिकलेल्या मुलाच्या हातात एकट्याने चार मशीन देणं हा रुग्णावर आणि त्या मुलावरही अन्याय आहे. शिक्षण, नोंदणी, हिपॅटायटिसची लस आणि रात्रपाळीनंतर घरी जाण्याइतका पगार, एवढं या मुलांना मिळायला हवं.

मशीनशिवाय दुसरे मार्ग आहेत. पोटातल्या पडद्याचा उपयोग करून घरीच दिवसातून तीन-चार वेळा पिशव्या बदलण्याचं पेरिटोनियल डायलिसिस जव्हार, मोखाड्यासारख्या दूरच्या गावांना फार सोयीचं ठरेल. २०१९ पासून ते राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे, पण अजून थोड्यांपर्यंतच पोहोचलं आहे. प्रत्यारोपण हा सगळ्यांत चांगला उपचार. मुंबईत त्याची सुरुवात केईएममध्ये १९६५ साली झाली. भावासाठी वहिनीने मूत्रपिंड द्यायची तयारी केली होती, तपासण्यांत तिलाच मधुमेह निघाला. पुढे तो मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत राहिला आणि यादीतच गेला.

तो गेला जुलैमध्ये, पुराने नव्हे. पण पुराची भीती त्याने दर वर्षी काढली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार दरम्यानची लोकल वाहतूक बंद पडली. तुळींज, आचोळे, सेंट्रल पार्क भागांत गुडघाभर, कुठे कमरेइतकं पाणी. नोकरदाराचा एक दिवस बुडतो. डायलिसिसवरच्या माणसाची एक खेप बुडली की पोटॅशियम आणि पाणी दोन्ही चढत जातं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला एरवीच तीन-चार दिवसांचं अंतर पडतं, खेप चुकली तर ते आठवड्यावर जातं.

म्हणून नालासोपाऱ्यातल्या, विरारमधल्या, वसईतल्या प्रत्येक सोसायटीला एक विनंती. तुमच्या इमारतीत डायलिसिसवर कोण आहे आणि त्यांचे वार कोणते, हे वॉचमनच्या वहीत लिहून ठेवा. हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला की आदल्या दिवशी केंद्रात फोन करून त्यांची खेप अलीकडे घेता येते का विचारा. पाणी भरलंच तर ज्याची गाडी उंच आहे त्याने त्यांना केंद्रापर्यंत सोडावं. टेक्निशियन तिथे पोहोचलेले असतील. २०१८ च्या त्या जुलैमध्ये आमचे दोघे विरारहून चालत आले होते.